सात माणसांचे ओझे

वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात सर जोसेफ डाल्टन हूकर यांचे स्थान वादातीत आहे. १८४८ साली, वयाच्या तिशीत, ते दार्जिलिंगला पोहोचले तेव्हा दक्षिण ध्रुवाकडील समुद्रसफर त्यांच्या गाठीशी होती आणि वडील लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानाचे संचालक होते. त्यांच्या चिकाटीला मात्र वशिल्याची गरज नव्हती. संततधार पावसात नमुने टीपकागदात दाबायचे, तेच कागद शेकोटीवर वाळवायचे, वाटेत उंची मोजून नकाशाही काढायचा, असा हा उद्योग. सिक्कीमच्या र्‍होडोडेंड्रॉनांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ आणि १८७२ ते १८९७ या काळात सात खंडांत निघालेला ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ भारतीय अभ्यासकाला आजही टाळता येत नाही.

पण हे कार्य एकट्याचे होते काय? ऑक्टोबर १८४८ मध्ये पूर्व नेपाळकडे निघालेल्या त्यांच्या तुकडीत छप्पन्न माणसे होती. त्यांत लेपचा होते; अरण्याचा कानाकोपरा जाणणारी ही माणसे. हूकर यांनी त्यांची मनापासून स्तुती केली आहे, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. तथापि फुलांचे नामकरण करण्याची वेळ आली तेव्हा एक र्‍होडोडेंड्रॉन लेडी डलहौसींच्या नावे गेले, एक हॉजसन यांच्या, एक थॉमसन यांच्या आणि एक दार्जिलिंगचे अधिकारी कॅम्बेल यांच्या पत्नीच्या!

विज्ञान आणि सत्ता यांची गाठ किती घट्ट होती, ते पुढच्याच वर्षी दिसले. नोव्हेंबर १८४९ मध्ये सीमाभागात फिरत असताना सिक्कीमच्या दिवाणाच्या माणसांनी कॅम्बेल यांना कैद केले. हूकरही त्यांच्यासोबत अडकले. डिसेंबरअखेर दोघे सुटले. याचे निमित्त करून १८५० साली कंपनीने सिक्कीमच्या राजाचा तराईचा सुपीक पट्टा घशात घातला आणि त्याचे वार्षिक अनुदानही बंद केले. फुले वेचणार्‍याच्या प्रवासाची किंमत एका छोट्या राज्याने जमिनीत मोजली.

त्याच वर्षी हूकर खासी टेकड्यांत गेले. तेथे त्यांनी निळ्या वांडा ऑर्किडची सात माणसांना पेलतील एवढी ओझी क्यूसाठी गोळा केली. त्यांतली थोडीच रोपे इंग्लंडला जिवंत पोहोचली. जागा पाहून घेण्यासाठी आपला माळी त्यांच्यासोबत धाडणार्‍या एका गृहस्थाने एका माणसाचे ओझे पाठवले; ते वाईट अवस्थेत पोहोचूनही तीनशे पौंडांना विकले गेले. हा हिशेब स्वतः हूकर यांनीच लिहून ठेवला आहे. एवढेच नव्हे, तर संग्राहकांच्या झुंडींनी तेथील वाटा मैलोन्‌मैल ओरबाडल्याची तक्रारही त्यांनीच पत्रातून केली. कलकत्त्याच्या उद्यानाच्या माणसांनी एका खेपेत हजार टोपल्या धाडल्याचे त्यात नमूद आहे. आपल्या सात ओझ्यांचा विचार त्या वेळी त्यांच्या मनात आला की नाही, कोण जाणे! त्या निळ्या फुलाला पुढे स्वतंत्र भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच द्यावे लागले.

नेलेले नमुने क्यूच्या कपाटांत राहिले. भारतीय वनस्पतींची ओळख पक्की करण्यासाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाला स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ आपला एक अधिकारी तेथे नेमावा लागला. हूकर यांना दूषणे देऊन ती कपाटे रिकामी होणार नाहीत. लेपचा आणि खासी भाषांतली वनस्पतींची नावे, ती सांगणारे वृद्ध हयात आहेत तोवर टिपून घेणे मात्र आपल्या विद्यापीठांच्या हाती आहे, आणि त्यासाठी लंडनची परवानगी लागत नाही.