पोटावरचे टाके

मंडळी, गेल्या अंकात आमचं सदर दिसलं नाही म्हणून दोघातिघांनी फोन करून चौकशी केली, त्यांचे आभार. (बाकीच्यांच्या ते लक्षातच आलं नाही, त्यांचेही आभार!) त्या काळात आम्ही म्युनिकमधल्या एका रुग्णालयात पोटाला पट्टी लावून पडलो होतो. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणावर फुगवटे आले होते, दोन वर्षांत ते तीनदा सुजले, तेव्हा डॉक्टरांनी तेवढा तुकडा काढून टाकायचा सल्ला दिला. डायव्हर्टिक्युलायटिस हे या दुखण्याचं भारदस्त नाव. इथे जर्मनीत ते अगदी नेहमीचं आहे.

आम्हाला कापाकापीची भीती नव्हती, भीती होती ती नंतरच्या जखमेची. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. २००६ साली आम्ही आखनला मास्टर्स करत होतो. तिकडे सांगलीत बाबांच्या आतड्याला पीळ पडला. रातोरात ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण सहाव्या दिवशी जखमेत पू झाला, टाके उसवावे लागले आणि ती जखम भरायला अडीच महिने गेले. आई फोनवर रोज एवढंच सांगायची, "आज पट्टी कोरडी होती," नाहीतर, "आज परत ओली." परीक्षा तोंडावर होती, तिकिटाला पैसे नव्हते. आम्ही गेलो नाही. जखम भरली, पण तिथली पोटाची भिंत कायमची कमजोर झाली आणि हर्निया झाला. बाबा आजही पोटाला पट्टा बांधतात. तातडीच्या ऑपरेशनमध्ये हा धोका मुळातच जास्त असतो, त्यामुळे कुणाला दोष द्यायचा नाही. पण आपली पाळी आली तेव्हा आम्ही ठरवलं, की प्रश्न विचारायचे.

इथे ऑपरेशनआधी डॉक्टर समोर बसून सगळं समजावून सांगतात, त्याला आउफक्लेरुंग म्हणतात. आपल्यापैकी बरेचजण तिथे मान डोलावून सही करतात. आम्ही वही घेऊन गेलो. सर्जनबाई आमच्यापेक्षा वयाने लहान, पण त्यांनी पाऊण तास शांतपणे उत्तरं दिली. त्यांनी सांगितलेलं आणि नंतर आम्ही वाचलेलं इथे मांडतो. आम्ही इंजिनियर, डॉक्टर नव्हे, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

मुळात आतड्याच्याच ऑपरेशनला हा त्रास जास्त का? मोठ्या आतड्यातल्या एका ग्रॅम मळात शंभर अब्जांच्या घरात जीवाणू असतात. आत ते आपले भाडेकरू, पण कापलेल्या कातडीत शिरले की शत्रू. जखमेतला पू जीवाणूंमुळे होतो हे पद्धतशीर दाखवणारं पुस्तक रॉबर्ट कॉख यांनी १८७८ साली लिहिलं. तेव्हा ते वोलस्टाइन नावाच्या लहानशा गावात (आता ते पोलंडमध्ये आहे) सरकारी डॉक्टर होते. तरीही हातात औषध नव्हतं. जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट यांनी अपेंडिक्सचं दुखणं अंगावर काढलं. फेब्रुवारी १९२५ मध्ये बर्लिनला नामांकित सर्जन आउगुस्ट बीअर यांनी ऑपरेशन केलं, पण पोटात पू पसरला होता. चार दिवसांत ते गेले, वय ५४. दहाच वर्षांनी, १९३५ मध्ये, गेरहार्ड डोमाक यांनी वुपरटालच्या बायर कंपनीतून प्रोंटोसिल हे जंतूंवरचं औषध जगापुढे आणलं.

आता आजची गोष्ट. पहिला धडा आम्हाला ऑपरेशनच्या सकाळीच मिळाला. आदल्या रात्री आम्ही हुशारी करून घरच्या वस्तऱ्याने पोट गुळगुळीत करून गेलो होतो. ते पाहून श्वेस्टरबाईंनी कपाळाला हात लावला. वस्तऱ्याने डोळ्याला न दिसणारे बारीक काप पडतात आणि जंतूंना आयती घरं मिळतात. केस काढायचेच असतील तर ते रुग्णालयातच, मशीनने. आपण फक्त साबणाने स्वच्छ अंघोळ करायची.

दुसरी गोष्ट अँटिबायोटिकची वेळ. मुख्य डोस शिरेतून, काप घेण्याआधी साधारण तासाभरात द्यायचा असतो, म्हणजे सुरी लागते त्या क्षणी औषध रक्तात हजर असतं. ऑपरेशन लांबलं तर मध्येच पुन्हा. आणि नंतर? नंतर बहुधा काही नाही! "पाच दिवसांचा कोर्स नाही का?" असं सौ.ने दोनदा विचारलं. सगळं सुरळीत झालं असेल तर तो लागत नाही. उलट लांबवल्याने जंतू औषधाला निर्ढावतात. आतडं साफ करायच्या जुलाबाबद्दलही मत बदललं आहे. नुसता जुलाब जखमेसाठी उपयोगाचा नाही, त्याच्या जोडीला पोटातून घ्यायच्या अँटिबायोटिक गोळ्या द्याव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितलं. याविषयी तुमच्या सर्जनना अवश्य विचारा.

तिसरी गोष्ट इंजिनियर म्हणून आम्हाला फार आवडली, ती म्हणजे तापमान. १९९६ साली ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० रुग्णांवर केलेला प्रयोग छापून आला. काहींना ऊबदार ठेवलं (३६.६ अंश), बाकीच्यांचं अंग नेहमीप्रमाणे गार होऊ दिलं (३४.७ अंश). गार पडलेल्यांत १९ टक्क्यांची जखम बिघडली, ऊबदार ठेवलेल्यांत फक्त ६ टक्क्यांची. गार अंगात कातडीच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, जखमेला प्राणवायू कमी पोचतो आणि पांढऱ्या पेशी सुस्तावतात. म्हणून आम्हाला आधीच गरम हवेने फुगणाऱ्या रजईत गुंडाळून ठेवलं होतं. तुम्हाला थंडी वाजत असेल तर भिडेखातर गप्प बसू नका, सांगा.

चौथी गोष्ट जखमेची कड. जर्मनीतल्या १६ रुग्णालयांत सुमारे ६०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली छापलेल्या प्रयोगात, कापाच्या कडेला प्लॅस्टिकचं गोल आच्छादन बसवल्यावर जखमा बिघडण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटनमधल्या तशाच मोठ्या प्रयोगात काही फरक दिसला नव्हता. विज्ञान असंच चालतं, एका अभ्यासावर उड्या मारू नयेत. त्याहून साधा उपाय म्हणजे पोट शिवण्याआधी हातमोजे आणि हत्यारं बदलणं. भारतासह सात देशांत १३,००० हून अधिक रुग्णांवर हे करून पाहिलं. २०२२ मध्ये निकाल आला: १८.९ टक्क्यांचे १६ टक्के झाले. आमच्या आजीचं सोवळं आठवा. मोरीतलं काम केलेल्या हाताने ती देवघरात पाऊल टाकायची नाही. तत्त्व तेच, फक्त इथे ते मोजून सिद्ध केलेलं आहे.

पण मंडळी, काही गोष्टी फक्त आपल्याच हातात असतात. आपल्या घराघरांत साखरेचा आजार आहे. रक्तात साखर जास्त असेल तर जखम भरत नाही, म्हणून ऑपरेशन ठरलं की आधी साखर तपासून ताब्यात आणा. सिगारेट किमान चार आठवडे आधी सोडा. भेटायला येणाऱ्यांनी दाराजवळच्या बाटलीतलं औषध हाताला चोळूनच आत यावं, आणि पट्टीला कुणी हात लावू नये. आमच्या सासूबाईंनी फोनवर जखमेला हळद लावायचा आग्रह धरला. आम्ही ती दुधातून घेतली, त्यांचाही मान राहिला.

आणखी एक. जखमेचा बिघाड पुष्कळदा घरी आल्यावर लक्षात येतो, ऑपरेशननंतर तीस दिवसांपर्यंत केव्हाही. लाली पसरत जाणं, जागा गरम लागणं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, पाणी, पू किंवा वास येणं, टाका सुटणं, ताप भरणं, यांपैकी काहीही दिसलं तर "सोमवारी बघू" म्हणू नका. ऑपरेशन केलेल्या विभागाला फोन करा. रात्री-सुट्टीला डॉक्टरांसाठी ११६११७ हा नंबर आहे, आणि पोट फार दुखून अंग गळून गेलं तर थेट ११२. जर्मन अडखळलं तरी चालेल, फोन मात्र करा.

बाराव्या दिवशी हाउसआर्ट्स्टने टाके काढले. संध्याकाळी व्हिडिओवर आईबाबा आले. बाबा म्हणाले, "शर्ट वर कर, बघू." आम्ही केला. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "कोरडी आहे," ते आईला म्हणाले. मग आम्हाला विचारलं, "साखर तपासलीस ना रे?" २००६ साली त्यांच्या उशाशी बसायला हवं होतं ते आम्ही बसलो नाही. आता या दिवाळीला जाऊन महिनाभर राहायचं ठरवलं आहे.

सदराचं हे पान कापून फ्रिजवर लावलंत तर आम्हाला बरं वाटेल. ते कधीच कामाला न येवो. पुढच्या अंकात नेहमीप्रमाणे यंत्रांकडे वळू. तोवर ऊबदार राहा!