पाण्याची पाळी आणि रोजाची वेळ

रोजेदारासमोर पाण्याचा माठ भरलेला असतो. कुणी बघत नसलं तरी मगरिबची अजान होईपर्यंत तो त्याला हात लावत नाही. समोर आहे म्हणून घ्यायचं नाही, आपली वेळ झाली की घ्यायचं, ही सवय रमजान लावतो. उन्हाळी आवर्तनाच्या तोंडावर नीरा डाव्या कालव्यावर जगणाऱ्या आपल्या पणदरे-माळेगाव पट्ट्यालाही हीच सवय हवी आहे.

दुष्काळी मुलखाला पाणी मिळावं म्हणून इंग्रजांच्या काळात हा कालवा निघाला. आज बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली कितीतरी गावं त्यावर अवलंबून आहेत. पुढचं आवर्तन कधी येईल याचा भरवसा नसला, की वरचा शेतकरी आलेल्या पाळीत गरजेपेक्षा जास्त पाणी भरून घेतो. टेलच्या शेतकऱ्याचा ऊस ताणावर जातो. मग तो बोअर घेतो आणि भूजल आणखी खाली जातं. वरच्याचंही यात भलं होत नाही. जादा पाण्यानं काळं रान पाणथळ होतं, क्षार वर येतात, जमीन चोपण होते. भांडण माणसांचं असतं, त्याची किंमत मात्र माती मोजते.

हा वाद जुनाच आहे. मदिनेत हजरत जुबैर आणि त्यांचे शेजारी असलेले एक अन्सारी यांच्यात पाटाच्या पाण्यावरून तंटा झाला. जुबैर यांची बाग वरच्या अंगाला होती. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी आधी समजुतीचा तोडगा दिला. जुबैर यांनी झाडं भिजवावीत आणि पाणी शेजाऱ्याकडे सोडावं. जुबैर तुमचे आतेभाऊ, म्हणून तुम्ही असा निवाडा दिलात, असा संशय अन्सारींनी घेतला. तेव्हा पैगंबरांनी जुबैर यांना बांधाला लागेपर्यंत पाणी अडवण्याचा पूर्ण हक्क दिला. संशयामुळे नुकसान झालं ते खालच्याचंच.

विश्वासानं काय होतं, हे शेजारच्या पुरंदर तालुक्यानं दाखवलं. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिथं वाटा जमिनीवर नव्हे, माणसांवर ठरला. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला पाणी नाही.

आपल्याकडे ऊस उद्या बंद होणार नाही. पण तो गाळायला आपण सहकारी कारखाना काढलाच ना? तिथं सगळ्यांची गाडी एकाच काट्यावर चढते. पाण्यालाही तसाच काटा हवा. २००५च्या राज्य कायद्यानं पाणी वापर संस्थांना मोजून पाणी घेऊन आपसांत वाटण्याची वाट मोकळी केली आहे. चारीचारीवर अशी संस्था चालावी, पाळी टेलकडून सुरू व्हावी आणि तिचं वेळापत्रक चावडीवर लागावं.

गावात रोजा सोडायची वेळ सगळ्यांना ठाऊक असते आणि ती सगळ्यांना सारखीच असते. म्हणून तिच्यावरून कधी भांडण होत नाही.