तुमचं इम्प्लांट गुळगुळीत आहे की खरखरीत?

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या छातीत सिलिकॉनचं इम्प्लांट असेल, तर त्याची कंपनी आणि आकार कार्डावर लिहिलेला असतो. ते गुळगुळीत आहे की टेक्श्चर्ड, म्हणजे खरखरीत पृष्ठभागाचं, हे मात्र फार थोड्या जणींना माहीत असतं. कर्करोगामुळे स्तन काढल्यावर पुनर्रचना करून घेतलेल्यांनी तर हे विचारायलाच हवं.

२४ जुलै २०१९ रोजी अमेरिकेच्या एफडीएच्या विनंतीवरून अ‍ॅलर्गन कंपनीने आपली ‘बायोसेल’ पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. फ्रान्सने त्याच वर्षी एप्रिलमध्ये जास्त खरखरीत प्रकारांवर बंदी घातली होती. कारण होतं बीआयए-एएलसीएल हा दुर्मीळ आजार. हा स्तनाचा कर्करोग नव्हे. इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं, त्यात टी-पेशींपासून होणारा हा लिम्फोमा आहे. त्या वेळी एफडीएकडे जगभरातल्या ५७३ रुग्णांची नोंद होती आणि त्यांतल्या ४८१ जणींचं इम्प्लांट अ‍ॅलर्गनचं होतं.

पृष्ठभागाने इतका फरक का पडावा? पेशी ज्यावर टेकते, तो भाग ती सतत चाचपत असते. तिच्या आवरणावरची प्रथिनं पृष्ठभागाला धरतात, ओढून बघतात आणि तो ताण आत केंद्रकापर्यंत पोहोचतो. पसरायचं, विभागायचं की मरायचं, हे काही अंशी त्यावर ठरतं. निरोगी पेशींना वाढायला बहुधा अशी पकड लागतेच. कर्करोगाच्या पेशी मात्र आधाराशिवायही वाढू शकतात.

म्हणूनच प्रयोगशाळेत उलट दिशेच्या बातम्याही येतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना सुमारे २३ नॅनोमीटरच्या उंचवट्यांच्या पृष्ठभागावर कर्करोगाच्या पेशी कमी चिकटल्याचं दिसलं. ‘खडबडीतपणा कर्करोग रोखतो’ असं वाचलं, तर ते बशीतल्या पेशींबद्दल आहे हे लक्षात ठेवा. बशीत प्रतिकारशक्ती नसते, जिवाणू नसतात, दहा वर्षंही जात नाहीत.

शरीरात हे सगळं असतं. बायोसेलचा पृष्ठभाग सिलिकॉनमध्ये मिठाचे कण दाबून, मग धुऊन काढून बनवत. मागे राहणाऱ्या खळग्यांमुळे इम्प्लांट जागेवरून हलत नाही, आवरण आक्रसणं कमी होतं, असा हेतू होता, आणि तो वाईट नव्हता. पण खळग्यांमुळे जिवाणूंना जागा मिळते आणि दाह वर्षानुवर्षं धुमसत राहतो. या दाहातून काही जणींच्या टी-पेशी बिघडत असाव्यात, असा सध्याचा प्रमुख तर्क आहे.

मग सगळंच गुळगुळीत करावं का? उत्तर इतकं सरळ नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ४ मायक्रोमीटर खडबडीतपणाला सर्वांत कमी दाह आढळला, पूर्ण गुळगुळीत पृष्ठभागापेक्षाही कमी. अर्थात त्यात इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीचा सहभाग होता, तेव्हा स्वतंत्र पडताळणी हवीच. शिवाय आवरणात होणाऱ्या इतर काही कर्करोगांच्या मोजक्या नोंदी गुळगुळीत इम्प्लांटबाबतही झाल्या आहेत. एफडीएने २०२२ मध्ये तसं कळवलं.

तुम्हाला काही त्रास नसेल, तर केवळ भीतीपोटी खरखरीत इम्प्लांट काढून घेऊ नका. एफडीएचा सल्लाही तोच आहे, कारण शस्त्रक्रियेचेही धोके असतात. पण काही वर्षांनी एका बाजूला अचानक सूज आली, गाठ लागली, दुखू लागलं, आकार बदलला, तर थांबू नका. हा आजार बहुधा इम्प्लांट बसवल्यानंतर आठ-दहा वर्षांनी दिसतो, त्यामुळे ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ यावर विसंबू नका. डॉक्टर सोनोग्राफी करून साठलेलं पाणी सुईने काढतील. ते पाणी सीडी३० तपासणीसाठी पाठवलंय ना, हे जरूर विचारा. आजार आवरणापुरताच असेल, तर इम्प्लांट आणि संपूर्ण आवरण काढल्यावर बहुतेक जणी बऱ्या होतात.

कार्ड हरवलं असेल, तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे ऑपरेशन नोट्सची प्रत मागा. इम्प्लांटचं स्टिकर सहसा त्या कागदांवर चिकटवलेलं असतं.