शिकता शिकता उमेदवारी

ज्याला आज आपण 'इंटर्नशिप' म्हणतो, त्याला मराठीत पूर्वी 'उमेदवारी' म्हणत. हल्ली हा शब्द निवडणुकीच्या दिवसांतच कानावर पडतो. पण छापखान्यात, गॅरेजमध्ये किंवा शिंप्याच्या दुकानात नवा लागलेला मुलगा आधी काही महिने उमेदवारी करी, हे आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होते. तीच उमेदवारी आता कॉलेजात आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिला पदवीच्या अभ्यासक्रमात जागा दिली, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ साली तिच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि एका श्रेयांकाला ३० तास असा तिचा हिशेबही ठरला. तेव्हा ती करावी की नाही, हा वाद आता उरलेला नाही. ती कोणाला परवडते आणि तीत शिकवायचे कोणी, हे प्रश्न मात्र शिल्लक आहेत. त्यांविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला एवढ्याचसाठी, की गेल्या उन्हाळ्यात मी सहा आठवडे मार्केटिंगची उमेदवारी केली.

ती केली सांगलीतल्या एका बेदाणा पॅकिंग करणाऱ्या व्यावसायिकाकडे. बी. ए. ची मुलगी आणि मार्केटिंग, हे ऐकून वर्गातल्या मैत्रिणी हसल्या. ते काम कॉमर्सवाल्यांचे, असा आपल्याकडे समज आहे. मीही जाण्याआधी ग्रंथालयातून एक पुस्तक आणून मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० साली मांडलेले चार 'पी' पाठ केले होते: वस्तू, किंमत, जागा आणि जाहिरात. पहिल्याच दिवशी पहिल्याच किराणा दुकानदाराने पाचवा विषय काढला. तो म्हणाला, "माल ठेवून जा ताई. खपला तर पैसे." उधारी किती दिवसांची, नाही खपला तर परत नेणार का, बाजूच्या दुकानात काय भावाने दिलात, हे तीन प्रश्न मला त्या सहा आठवड्यांत इतक्या वेळा विचारले गेले, की शेवटी दुकानाची पायरी चढतानाच मी उत्तरे देऊ लागले.

पहिल्या आठवड्यात मी चाळीसएक दुकाने फिरले आणि नऊ ठिकाणी पुड्या ठेवल्या. पंधरा दिवसांनी पाहते तो बहुतेक पुड्या जशाच्या तशा! कारण उघड होते. फक्त ते मला आधी दिसले नव्हते. तासगाव–सांगलीच्या माणसाला बेदाण्याचे काय अप्रूप? इथे बेदाण्याचे सौदे चालतात, प्रत्येकाचा कोणी ना कोणी पाहुणा बागाईतदार असतो, आणि बरणीतला सुटा बेदाणा पुडीपेक्षा स्वस्त पडतो. मग एका दुपारी उन्हामुळे मी एसटी स्टँडवरच्या स्टॉलपाशी तासभर बसून राहिले. तिथे पुण्या–मुंबईला निघालेली माणसे "इकडचं काहीतरी" म्हणून वस्तू विचारत होती. त्यांना पाव किलोची पुडी नको होती. लेकीच्या घरी न्यायला शोभेल असा अर्धा किलोचा डबा हवा होता. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते डब्यावर मोठ्या अक्षरांत असावे, असेही मला तिथेच सुचले. मालकांना सांगितले. त्यांनी कुरकुरत पन्नास डबे करून पाहिले आणि ते चार दिवसांत गेले. (जूनच्या पहिल्या पावसात पातळ पुड्यांतला बेदाणा ओल धरून चिकट झाला आणि दुकानदारांनी तो परत केला, हेही इथे नोंदवते, माझ्या यशाची गोष्ट तेवढीच सांगितली तर ती जाहिरात होईल.)

इथपर्यंत सगळे ठीक होते. पण मला लिहायचे आहे ते पुढचे.

पुडीसोबत आम्ही एक कार्ड देत होतो. त्यावर लिहिले होते, 'संपूर्ण नैसर्गिक, रसायनविरहित'. एक दिवस स्टॉलवर चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. त्यांनी पुडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "याला गंधक लावलेलं आहे का?" मी "नाही" म्हणाले. तसेच सांगायचे, असे आम्हांला शिकवले होते. बाईंनी दोन पुड्या घेतल्या.

माझी आई दर हंगामात बेदाण्याच्या शेडवर जाते. मीही आठवीपासून सुट्टीत तिच्याबरोबर निवडायला बसत आले आहे. द्राक्षे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून रॅकवर कशी पसरतात, चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा कसा होतो, आणि पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी कशी देतात, हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. धुरी दिल्याने बेदाणा विषारी होत नाही. ठराविक मर्यादेत ती चालते, फक्त तसे वेष्टनावर सांगावे लागते. रात्री जेवताना मी आईला कार्ड वाचून दाखवले. ती म्हणाली, "आन् मग आमी शेडवर दोन म्हैनं काय उदबत्त्या लावत हुतो व्हय?"

घरात सगळे हसले. मला मात्र त्या चष्म्याच्या बाई आठवत राहिल्या. मी अजाणतेपणी खोटे बोलले असते तर वेगळे. मला तर त्या शहरातल्या कुठल्याही मार्केटिंगवाल्यापेक्षा जास्त माहिती होती, आणि तरी मी "नाही" म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी मालकांना विचारले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. "सगळेच असं लिहितात गं," एवढेच ते म्हणाले. कार्डे छापून झाली होती, ती संपेपर्यंत वाटली गेली. मी वाटली नाहीत. कोणी विचारले तर "धुरी दिलेली असते, कोमट पाण्यात धुऊन घ्या" असे सांगू लागले. काही गिऱ्हाइके निघून गेली. काहींनी उलट विश्वासाने जास्त घेतले. एकूण विक्री वाढली की घटली, हे मला सांगता येणार नाही. तेवढा हिशेब माझ्या हाती नव्हता.

यातले काहीही कॉलेजला कळले नाही. कारण कॉलेजच्या तक्त्यात तारीख, तास आणि मालकांची सही एवढेच रकाने होते. सहा आठवड्यांत एकदाही कोणी प्राध्यापक तिथे आले नाहीत किंवा फोन केला नाही. गुरुजनांवर ही तक्रार नाही; एकेका सरांकडे साठ–साठ मुले असतात. पण अशा उमेदवारीला शिक्षण म्हणायचे असेल तर "आज काय विकलेस" याबरोबरच "काय सांगून विकलेस" हेही विचारणारे कोणीतरी हवे. नाहीतर मोबाईलवर दोन हजार रुपये भरून घरबसल्या प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती आपण सगळेच पाहतो. त्यातही तारीख, तास आणि सही असतेच.

आणि आता पैशाचे. उमेदवारी बिनपगारी होती. त्या सहा आठवड्यांत, रविवार वगळता, मी शेडवर गेले असते तर तीनशे रुपये रोजाने दहा हजार आठशे रुपये मिळाले असते. माझ्या घरात हा आकडा लहान नाही. वडिलांनी तो कधी बोलून दाखवला नाही, पण जूनमध्ये फी भरताना तो आमच्या दोघांच्याही मनात होता. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, म्हणून येणेजाणे तरी निभावले. पंतप्रधानांच्या नावाची इंटर्नशिप योजना २०२४ साली सुरू झाली तेव्हा तिच्यात महिना पाच हजारांची तरतूद होती. मात्र तेव्हा ती एकवीस वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी होती, आणि पूर्ण वेळ शिकणाऱ्यांना तिचे दार बंद होते. म्हणजे शिकताना अनुभव घ्या असे एकीकडे सांगायचे, आणि शिकत आहात म्हणून पैसे नाहीत असे दुसरीकडे! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली याच भागात रयत शिक्षण संस्था काढली. पुढे तिथे रुजलेल्या 'कमवा आणि शिका' मध्ये कमाई हा शब्द आधी आहे, शिक्षण नंतर. आपण नव्या योजनेत पहिला शब्द गाळला आहे.

माझे मागणे मोठे नाही. कॉलेजने उमेदवारी ठरवून देताना निदान प्रवासखर्च देणाऱ्याच जागा यादीत घ्याव्यात, आणि तक्त्यात एक कोरा रकाना ठेवावा, जिथे विद्यार्थ्याला काय खटकले ते लिहिता येईल.

दिवाळीआधी मालकांचा फोन आला. डब्यांची मोठी ऑर्डर आहे, सुट्टीत येशील का, म्हणाले. मी आधी कार्डाचे विचारले. 'रसायनविरहित' काढले म्हणाले. मग एसटीच्या भाड्याचे विचारले. "बघू," म्हणाले.