लूप गोल नसतो

खोपोलीच्या इमॅजिकात ‘नायट्रो’ नावाची रोलरकोस्टर आहे. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीने बनवलेली, पायाखाली जमीनच नसलेली, माणसाला पाच वेळा उलटे करणारी. तिथे गेलात की रांगेत किंकाळ्या ऐकत उभे राहाल, तेव्हा जरा त्या रुळांकडेही बघा. माझे सगळे प्रेम त्या रुळांच्या आकारावर आहे.

आजच्या पोलादी रोलरकोस्टरचा उभा लूप बहुधा गोल नसतोच. माथ्याशी तो आवळलेला असतो आणि पायथ्याशी ऐसपैस पसरतो, पाण्याचा थेंब उलटा टांगावा तसा. हे सौंदर्यासाठी नाही, मानेसाठी आहे.

1895 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ सुरू झाली. तिचा लूप जेमतेम पंचवीस फुटांचा, आणि गोल. गोलातली अडचण अशी की सपाट रुळावरून गाडी एकदम वळणात शिरते आणि भार क्षणात वाढतो. माथ्यावर गाडी रुळाला जेमतेम धरून राहील एवढाच वेग ठेवला, तरी पायथ्याशी माणसावर त्याच्या वजनाच्या सहापट भार पडतो. साठ किलोचा माणूस घटकाभर तीनशे साठ किलोंचा होतो. लोकांच्या माना दुखावल्या, फ्लिप फ्लॅप बंद पडली. 1901 साली तिथेच लंबगोल लूप आला. तो सौम्य होता, पण एका फेरीत बसणार मोजकेच लोक, त्यामुळे धंदा जमेना. मग कित्येक दशके उभ्या लूपचे नाव कोणी फारसे घेतले नाही.

तो परत आला तो पोलादी नळीच्या रुळांमुळे आणि गणितामुळे. 1959 साली डिस्नेलँडच्या ‘मॅटरहॉर्न’ने असे रूळ रूढ केले, लाकडाला जे वळण जमत नाही ते नळीला देता येते. गणित जर्मनीच्या वेर्नर श्टेंगेल या अभियंत्याचे. अंटोन श्वार्त्सकोफ या निर्मात्यासाठी त्याने लूपला क्लोथॉइड हा वक्र दिला. ऑयलरने अठराव्या शतकात अभ्यासलेल्या या रेषेत वळण हळूहळू घट्ट होत जाते. रेल्वेचे आणि महामार्गांचे अभियंते ती आधीपासून वापरत होते. सरळ रस्त्यावरून वळणात शिरताना स्टिअरिंगला हिसका बसत नाही, तो याच युक्तीमुळे. पायथ्याशी, जिथे वेग जास्त, तिथे त्रिज्या मोठी. माथ्यावर, जिथे गाडी मंदावलेली, तिथे लहान. 8 मे 1976 रोजी कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन उद्यानात ‘रिव्होल्यूशन’ धावली. नव्वद फुटी लूप, आणि लोक हसत उतरले.

काळजी फक्त आकारात नाही. प्रत्येक डब्याला रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तीन तऱ्हेची चाके असतात. खालची चाके आली जॉन मिलर या अमेरिकी कारागिरामुळे, शंभर वर्षांपूर्वी. चढावर जी टकटक ऐकू येते आणि पोटात गोळा आणते, ती बहुतेक ठिकाणी गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्याची असते. एका टप्प्यात एकच गाडी, हा नियमही आपल्या लोकलच्या सिग्नलचाच.

म्हणूनच गावोगावच्या जत्रेत रातोरात उभे राहणारे पाळणे बघितले की मला राग येतो. तिथेही लेकरेच बसतात. सांधे कोणी तपासले, भार कोणी मोजला, हे विचारण्याचा हक्क तिकीट काढणाऱ्या प्रत्येक आईबापाला आहे आणि तो त्यांनी बजावावा. पाळणेवाला चिडला तर चिडू दे.

‘रिव्होल्यूशन’ अजून धावते आहे. मूळ गाडीत फक्त मांडीवरचा दांडा होता. पुढे खांद्यावरून येणारे जाड पट्टे लावले, लोकांची डोकी त्यांच्यावर आपटू लागली, आणि 2016 साली नव्या गाड्या आणताना ते काढून टाकले. लूपमध्ये माणूस आसनातच दाबला जाईल, हे श्टेंगेलने 1976 सालीच मोजून ठेवले होते.