मेजावर माउस, हातात रिमोट

हळकुंड मोडून आतला रंग खरेदीदाराला दाखवावयाचा, ही सांगलीच्या हळदपेठेतील जुनी रीत. आणि ती आजही मोडलेली नाही. मात्र परगावचा वा परदेशचा खरेदीदार प्रत्येक वेळी पेढीवर येऊन बसतोच असे नाही. तो शहरातील एखाद्या सभागृहात विक्रेत्यांना एकामागून एक पंधरा मिनिटे देतो आणि तेवढ्या वेळात मालाची प्रत, कुर्क्युमिनचे प्रमाण, साठवणुकीची व्यवस्था व भाव पडद्यावर पाहू इच्छितो. अशा वेळी वडील पडद्याजवळ उभे राहून बोलतात, चिरंजीव लॅपटॉपवर वाकून बसतात, आणि दर दोन वाक्यांनंतर "पुढचे घे, अरे मागचे" असा संवाद चालू होतो. बोलण्याचा ओघ तुटतोच; शिवाय खरेदीदाराचे लक्ष मालावरून उठून बापलेकांच्या गडबडीवर जाते.

ही अडचण ओळखून निघालेले साधन म्हणजे बिनतारी माउसच प्रसंगी रिमोट व्हावा, असे. मायक्रोसॉफ्टने 2006 साली असा एक माउस बाजारात आणला होता. मेजावर तो नेहमीचा माउस. उचलून उलटा केला की पोटाशी स्लाइड पुढे-मागे करण्याच्या कळा आणि लेझरचा किरण. पुढे लेनोव्होने अंग पिळून सपाट करता येणारा माउस आणला. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये लाकडी खोक्याचा पहिला माउस घडविला, तेव्हा त्याची तार शेपटीसारखी दिसे आणि नावही त्यावरूनच पडले असे सांगतात. आता शेपूट गेले, नाव राहिले.

या साधनाचे मर्म एका गोष्टीत आहे. रिमोटची कळ दाबली जाते तेव्हा संगणकाला वाटते की कोणी कीबोर्डवरील 'पेज डाउन' वा 'पेज अप' ही कळच दाबली. म्हणून बहुधा वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. पण म्हणूनच, सादरीकरणाच्या मधोमध एखाद्या संदेशाची वा अपडेटची खिडकी पुढे आली की कळ त्या खिडकीकडे जाते आणि स्लाइड जागची हलत नाही. बोलणारा घाबरून पाच-सहा वेळा कळ दाबतो. खरे तर माउस मेजावर टेकवून मूळ सादरीकरणावर एकदा क्लिक करणे एवढेच पुरते. येथे दोन-एक-साधन नुसत्या रिमोटपेक्षा उजवे ठरते, कारण रिमोटला पडद्यावरचा बाण हलविता येत नाही. उलटपक्षी, बाजूचा खटका रिमोटकडे वळवायचा विसरला तर माउस हातात घेताच बाण पडद्यावर सैरावैरा धावू लागतो.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत जोखमीची जागा वेगळीच आहे. अनेक घरांत एकाच फाइलमध्ये पुढे ग्राहकासाठी स्लाइड आणि शेवटी, 'लपविलेल्या' म्हणून, खरेदीभाव, आडत, वाहतूक व नफ्याचा तक्ता ठेवण्याची सवय असते. पॉवरपॉइंटमध्ये शेवटची स्लाइड संपल्यावर सहसा काळा पडदा येतो. अंगठा त्यावर आणखी एकदा पडला की सादरीकरण बंद होऊन संपादनाची खिडकी उघडते, आणि तिच्या डाव्या पट्टीत सर्व स्लाइडची छोटी चित्रे दिसतात, लपविलेलीसुद्धा. पडदा लॅपटॉपचीच नक्कल दाखवीत असेल, तर भाव ठरण्यापूर्वीच समोरच्याला आपला तळ कळतो. तेव्हा खरेदीभावाचा तक्ता त्या फाइलमध्ये असूच नये, तो वेगळ्या फाइलमध्ये आणि शक्यतो वेगळ्या यंत्रावर असावा. चोपडी पाहुण्यासमोर उघडी टाकून पूर्वीचे लोक उठत नसत, तसेच हे. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर 'विंडोज' व 'पी' या कळा एकत्र दाबून 'एक्सटेंड' निवडले की प्रोजेक्टरवर केवळ स्लाइड जाते आणि टिपणे बोलणाऱ्याच्या लॅपटॉपवर राहतात. सूचना व संदेश आधीच बंद करावेत. सभा चालू असताना दलालाचा संदेश पडद्यावर झळकणे कोणालाच परवडणारे नाही.

याच संदर्भात पुष्कळ रिमोटवर असलेली, पण क्वचितच वापरली जाणारी कळ म्हणजे पडदा काळा करणारी. पॉवरपॉइंटमध्ये कीबोर्डवरील 'बी'ने हेच काम होते. भावाची बोलणी सुरू झाली की ती दाबावी. पडद्यावर आकडा झळकत असेल तर बोलणी त्या आकड्याशीच अडून बसतात. पडदा विझला की माणसे एकमेकांकडे पाहून बोलू लागतात. पुन्हा तीच कळ दाबली की स्लाइड परत येते.

लेझरच्या लाल ठिपक्याचे अनेकांना अप्रूप असते, पण तो उपयोगी पडतो तो कापडी पडद्यावर. मोठ्या टीव्हीच्या चकाकत्या काचेवर ठिपका जवळजवळ दिसत नाही आणि दूरच्या कार्यालयातून ऑनलाइन पाहणाऱ्याला तर मुळीच नाही. अशा वेळी पॉवरपॉइंटमध्ये कंट्रोलची कळ दाबून धरून माउसचे डावे बटण दाबत फिरविल्यास पडद्यावरच एक लाल ठिपका उमटतो आणि तो सर्वांना दिसतो. खऱ्या लेझरची शक्ती 1 मिलिवॅटपेक्षा कमी असावी आणि तो कोणाच्याही डोळ्यांवर रोखला जाऊ नये. घरी आल्यावर तो मुलांच्या हाती खेळणे म्हणून देणेही टाळावे.

बिनतारी लहरींच्या तक्रारी बहुधा साध्या कारणांच्या असतात. ही साधने 2.4 गिगाहर्ट्झवर, म्हणजे वाय-फायच्याच रस्त्यावर चालतात. मानवी शरीर त्या लहरी शोषते, म्हणून बोलणारा लॅपटॉपकडे पाठ करून उभा असला की कळ कधीकधी लागू होत नाही. वेगवान यूएसबी-3च्या जोडणीतून निघणारा रेडिओ-गोंगाटही आड येतो. रिसीव्हर त्याच्या शेजारी न लावता दुसऱ्या बाजूस वा छोट्या तारेने थोडा दूर ठेवावा. काचेच्या मेजावर बहुतेक माउस चालत नाहीत, हे सभागृहात गेल्यावर कळण्यापेक्षा बॅगेत एक जाड कागद ठेवलेला बरा. सुट्ट्या सेलची जोडीही तेथेच असावी.

घेण्याविषयी विचाराल तर महिन्याकाठी दोन-चार सभा आणि एरवी हिशेबाचे काम असणाऱ्याने हे जोडसाधन घ्यावे. रोज उभे राहून बोलणाऱ्याने वेगळा रिमोट घ्यावा. स्वस्त जोडसाधनांत हाताला न बसणारा माउस आणि चुकून दाबला जाणारा रिमोट एकत्र आलेले असतात. एक ना धड, भाराभर चिंध्या.

अनोळखी बनावटीचा माल घेताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2016 साली संशोधकांनी दाखवून दिले की काही बिनतारी माउसांचे रिसीव्हर सांकेतिक संरक्षणाविना संदेश स्वीकारतात आणि जवळपासचा एखादा इसम त्यांच्या मार्फत संगणकावर परस्पर कळा 'दाबू' शकतो. ज्या लॅपटॉपवर टॅली आणि बँकेचे व्यवहार आहेत, त्यात असा रिसीव्हर दिवसभर खोचून ठेवणे बरे नव्हे. सभा संपली की तो काढून माउसच्या पोटातील खाचेत बसवावा. बहुतेक माउसना ती खाच असते आणि तेथे तो हरवतही नाही.