सोळा अक्षरी क्रमांक

आज 27 ऑगस्ट. 1981 साली याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्या छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) शहरात बसले. 1956 मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, तेव्हापासून नांदेड-परभणीच्या पक्षकाराला अपिलासाठी मीटरगेजच्या गाडीने मनमाड गाठावे लागे, तिथे गाडी बदलून मुंबई. खंडपीठही सहजी मिळाले नाही. ते स्थापण्याच्या आदेशाला आव्हान दिले गेले, सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये तो उचलून धरला आणि 1984 मध्ये, पुन्हा 27 ऑगस्टलाच, खंडपीठ कायम झाले.

आता पुढची तारीख फोनवर कळते. 2007 पासूनच्या ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर केले. सुनावणी पडद्यावर होऊ लागली, मग खंडपीठे हवीत कशाला, असेही कुणी म्हणते. कोल्हापूरने त्याला उत्तर दिले आहे. तिथल्या सहा जिल्ह्यांनी चार दशके भांडून 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच मिळवले. फोन त्यांच्याही खिशात होताच.

अंतर कमी झाले, पण जिल्हा न्यायालयापर्यंत मराठीत चाललेला दावा जालना रोडवरच्या खंडपीठात आला की इंग्रजी होतो. जबाब, पंचनामा, फेरफार यांची भाषांतरे करून घ्यायची, तीही बहुधा पक्षकाराच्या खर्चाने. निकालाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि ज्याची जमीन तो वकिलाला विचारतो, ‘साहेब, झालं काय?’ राज्यघटनेच्या कलम 348(2) मध्ये वाट आहे. राज्यपालांना राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याची राजभाषा उच्च न्यायालयाच्या कामकाजात आणता येते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार यांनी हिंदी आणली. तमिळनाडू, गुजरातची मागणी मात्र 2012 मध्ये फेटाळली गेली. बदलून येणाऱ्या न्यायमूर्तींचा विचार करता निकाल इंग्रजीतच लिहिला, तरी आमची तक्रार नाही. पण शेवटचा आदेशाचा भाग त्याच दिवशी मराठीत द्यायला घटनादुरुस्ती लागत नाही. यंत्राने भाषांतर करावे आणि कायदा व मराठी दोन्ही येणाऱ्या माणसाने ते तपासावे. अशी पदे निर्माण करणे मंत्रालयाच्या हातात आहे, आणि अभिजात दर्जाचे पेढे वाटून झाल्यावर एवढे तरी मागायला हरकत नसावी.

पडद्यावर तारीख दिसते, ती का पडली हे मात्र क्वचितच कळते. पुष्कळदा कारण साधे असते: न्यायमूर्ती कमी आहेत. मुंबई, नागपूर, गोवा, कोल्हापूर आणि आपले शहर मिळून मंजूर पदे 94, आणि ती सगळी भरलेली क्वचितच असतात. न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केला. तेव्हापासून न्यायवृंद (कॉलेजियम) आणि केंद्र सरकार एकमेकांकडे बोट दाखवतात. न्यायवृंदाचे ठराव 2017 पासून संकेतस्थळावर येतात, हे चांगलेच झाले. पण शिफारस दिल्लीत पोहोचल्यावर ती कोणाच्या टेबलावर किती महिने पडून आहे, हे लोकांना दिसत नाही. गावातल्या बांधाच्या भांडणाला ई-कोर्टचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक आहे आणि त्याचा प्रत्येक टप्पा कुणालाही पाहता येतो. न्यायमूर्तींच्या नियुक्तीच्या फायलीला तसा क्रमांक द्यायला केंद्राची अडचण काय, ते कायदामंत्र्यांनी संसदेत सांगावे.